‘शंभर टक्के ग्रीन’ म्हणजे नक्की काय? गुगलचा पर्यावरण अहवाल वाचायचा कसा

गुगल म्हणतं की २०१७ पासून आम्ही वर्षभरात जेवढी वीज वापरतो तेवढीच अक्षय ऊर्जा विकत घेतो, म्हणजे हिशोब शंभर टक्के. आणि त्याच गुगलने २०२४ मध्ये काढलेल्या पर्यावरण अहवालात लिहिलंय की २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये आमचं कार्बन उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं. शंभर टक्के हिरवी वीज आणि तरी उत्सर्जन दीडपट, हे कसं काय? बरेच जण इथेच अहवाल मिटवतात, कोण म्हणतं सगळी फसवाफसवी आहे, कोण म्हणतं कंपनी एवढी मोठी आहे तर खरंच सांगत असेल. माझं म्हणणं असं की दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही मोठ्या डेटा कंपनीचा सीएसआर (म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) रिपोर्ट, सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, ईएसजी रिपोर्ट, नाव काहीही असो, आपला आपल्याला वाचता येतो.

गुगलच का निवडलं, तर ही कंपनी बाकीच्यांपेक्षा जास्त आकडे उघड करते म्हणून. जी काहीच सांगत नाही तिच्याबद्दल लिहिणार तरी काय?

आधी डेटा सेंटर म्हणजे काय ते बघू. आपले फोटो, मेल, युट्यूब, मॅप्स, आता जेमिनायला, म्हणजे गुगलच्या एआयला, विचारलेले प्रश्न, हे सगळं ‘क्लाउड’मध्ये असतं म्हणतो आपण, पण ते असतं कुठेतरी जमिनीवर, मोठमोठ्या शेडमध्ये, रॅकवर रचलेल्या हजारो सर्व्हरमध्ये. सर्व्हरला वीज लागते, आणि सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता काढली नाही तर मशीन बंद पडतात. मग थंड करायचं कसं? ढोबळमानाने दोन मार्ग. एक म्हणजे मोठे चिलर आणि पंखे लावायचे, त्याला पाणी कमी लागतं पण वीज जास्त. दुसरा मार्ग म्हणजे कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवून त्याची वाफ होऊ द्यायची, त्याला वीज कमी लागते पण ते पाणी हवेत जातं, परत येत नाही. म्हणजे वीज वाचवायची तर पाणी द्या आणि पाणी वाचवायचं तर वीज द्या. हा पेच लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

जगाच्या पातळीवर हे किती मोठं आहे? इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून ४१५ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल, म्हणजे दुपटीहून जास्त. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही वीज जगभर सारखी पसरलेली नसते, काही ठराविक गावांत, काही ठराविक एमआयडीसींत दाटून असते, आणि त्या गावासाठी ती किरकोळ नसते.

गुगलची कार्यक्षमता चांगली आहे हे मान्यच करायला पाहिजे. पीयूई नावाचं एक माप असतं, कॉम्प्युटरला दिलेल्या दर १०० युनिटमागे कूलिंग वगैरे वरखर्चाला किती युनिट जातात ते त्यातून कळतं. गुगलचं २०२४ चं सरासरी पीयूई १.०९, म्हणजे शंभर युनिटमागे फक्त नऊ युनिट वरखर्च, आणि या धंद्यात हे खरंच भारी आहे. पण हे माप ‘दर युनिटमागे’ आहे. एकूण युनिट किती वाढले हे त्यात येत नाही. त्याच २०२४ मध्ये गुगलच्या डेटा सेंटरचा वीजवापर एका वर्षात २७ टक्क्यांनी वाढला. गाडीचं मायलेज सुधारलं पण गाड्याच दुप्पट घेतल्या तर पेट्रोलचं बिल कमी होत नाही, एवढं साधं आहे ते. त्यामुळे अहवालात ‘कार्यक्षमता’ हा शब्द दिसला की लगेच शेजारी एकूण वापराचा आकडा शोधायचा.

आता कार्बनचा हिशोब. कंपन्या तो तीन भागांत मांडतात. स्कोप वन म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन, डिझेल जनरेटर, गाड्या वगैरे. स्कोप टू म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा धूर. स्कोप थ्री म्हणजे बाकी सगळं, सर्व्हर आणि चिप बनवणारे कारखाने, इमारतींचं सिमेंट-स्टील, कर्मचाऱ्यांचा विमानप्रवास, वगैरे वगैरे. २०२३ चे गुगलचे आकडे बघा, स्कोप वन सुमारे ७९ हजार टन, स्कोप टू सुमारे ३४ लाख टन, स्कोप थ्री सुमारे १ कोटी ८ लाख टन, एकूण १ कोटी ४३ लाख टन. म्हणजे चार हिश्श्यांतला तीन हिस्से धूर गुगलच्या स्वतःच्या आवारात नाहीच, तो पुरवठादारांकडे आहे. आवारात सोलर पॅनल लावल्याचे फोटो कितीही छान असले तरी ते फार तर स्कोप टूचा एक कोपरा कमी करतात.

पण खरी गंमत त्या ३४ लाखांत आहे, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे. विजेमागचा धूर मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक पद्धत म्हणते, तुमचं डेटा सेंटर ज्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडलंय त्या ग्रिडवर कोळसा किती, गॅस किती, पाणी-वारा-ऊन किती ते बघा आणि त्याप्रमाणे धूर मोजा. ही जागेवर आधारित पद्धत. दुसरी म्हणते, तुम्ही कुठे का असेना, सोलर किंवा विंड प्रकल्पाशी करार करून त्यांची वीज किंवा सर्टिफिकेट विकत घेतलं असेल तर तेवढे युनिट शून्य धुराचे धरा. ही बाजारावर आधारित पद्धत. ३४ लाख हा बाजारवाला आकडा आहे. त्याच वर्षी जागेवर आधारित आकडा ९२ लाख टनांच्या आसपास होता. दोन्ही आकडे गुगलनेच दिलेत, दोन्ही नियमात बसतात, पण हेडलाइनमध्ये लहान आकडा येतो आणि मोठा आकडा मागच्या तक्त्यात असतो.

‘शंभर टक्के’ही असंच आहे. वर्षभरात एकूण वापरले तेवढे युनिट जगात कुठेतरी, वर्षात कधीतरी हिरव्या विजेचे विकत घेतले. आता आपल्याकडे बघा, पुणे जिल्ह्यात पावसाने सरासरी गाठली अशी बातमी येते, पण ती सरासरी मुळशी-वेल्ह्याच्या धो धो पावसाने भरलेली असते, बारामती-इंदापूरकडचा शेतकरी मात्र आभाळाकडे बघत बसलेला असतो. सरासरी खोटी नसते, पण त्याच्या विहिरीत ती पाणी आणत नाही. विजेचंही तेच. दुपारी दोन वाजता एका देशात जादा सौरऊर्जा तयार झाली म्हणून रात्री दोन वाजता दुसऱ्या देशातला सर्व्हर त्यावर चालत नाही, त्या क्षणी त्या ग्रिडवर जे काही जळतंय त्यावरच तो चालतो.

हे मी गुगलवर टीका म्हणून सांगतोय असं नाही, कारण ही गोष्ट उघडपणे बोलणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांमध्ये गुगलच होतं. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की वार्षिक जुळवाजुळव पुरेशी नाही, २०३० पर्यंत प्रत्येक ग्रिडवर, दिवसाच्या प्रत्येक तासाला कार्बनमुक्त वीज वापरायची. हे ध्येय फार कठीण आहे आणि ते ठेवल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यासाठी नेवाडात फर्वो नावाच्या कंपनीबरोबर जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारा वीजप्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला, २०२४ मध्ये कैरोस पॉवरशी छोट्या अणुभट्ट्यांसाठी करार झाला. कारण ऊन आणि वारा रात्रीचं, पावसाळ्याचं गणित एकटे सोडवू शकत नाहीत.

आणि या नव्या मापाने मोजलं की चित्र किती बदलतं बघा. वार्षिक हिशोबाने शंभर टक्के असलेली कंपनी तासागणिक हिशोबाने २०२४ मध्ये जगभरात सरासरी ६६ टक्क्यांवर होती. ही पण सरासरीच हं. गुगल क्लाउडच्या प्रत्येक रिजनचा, म्हणजे डेटा सेंटर असलेल्या प्रत्येक भागाचा, वेगळा आकडा ते प्रसिद्ध करतात, कुणालाही बघता येतो, त्यात फिनलंड नव्वदच्या पुढे आहे आणि आपली मुंबई दहा टक्क्यांच्या आसपास. मुंबई रिजनमध्ये एखाद्या मराठी स्टार्टअपचा डेटा असेल, तर तो प्रत्यक्षात बहुतेक वेळ कोळशावरच चालतोय. इथे सुधारणा व्हावी म्हणून गुजरातमधल्या खावडा इथल्या सौर-पवन प्रकल्पातून वीज घ्यायचा करार गुगलने २०२४ मध्ये अदानी समूहाशी केलाय. रात्री वारा असतो म्हणून सौर आणि पवन एकत्र, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण अंतर केवढं कापायचंय ते या दहा टक्क्यांवरून कळतं.

ग्रिडवर कोळसा असणं म्हणजे काय हे कागदावर नीट कळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या ओमाहाचं उदाहरण देतो. तिथल्या सार्वजनिक वीज कंपनीने नॉर्थ ओमाहातल्या जुन्या केंद्रात कोळसा जाळणं २०२३ अखेर थांबवायचं ठरवलं होतं. तो भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीचा, तिथले लोक वर्षानुवर्षं त्या धुराबद्दल ओरडत होते. पण २०२२ मध्ये कंपनीच्या बोर्डाने हे २०२६ पर्यंत पुढे ढकललं, कारण विजेची मागणी वाढत होती आणि बदली गॅस प्लांट वेळेत ग्रिडला जोडले जात नव्हते. मागणी वाढवणाऱ्यांत गुगल आणि मेटाची डेटा सेंटर होती. या दोन्ही कंपन्यांच्या अहवालात त्या वर्षांचा वार्षिक हिशोब शंभर टक्के हिरवाच होता. हिशोब जुळला, चिमणी चालू राहिली. एवढं वाचल्यावर तरी ‘कुठे आणि कधी’ विचारल्याशिवाय टक्केवारी स्वीकारू नये असं मला वाटतं.

ऑफसेटबद्दल थोडक्यात. २००७ पासून गुगल स्वतःला कार्बन न्यूट्रल म्हणवायचं, उरलेल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं, मिथेन वगैरे प्रकल्पांचे क्रेडिट घेऊन. २०२३ पासून त्यांनी ते थांबवलं आणि अहवालात तसं लिहिलंही. काहींना हे मागे जाणं वाटलं, मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं.

२०२५ च्या अहवालात मात्र एक बदल झालाय तो नीट बघायला हवा. तिथे ठळकपणे दिसणारा २०२४ चा आकडा १ कोटी १५ लाख टन आहे. २०२३ च्या १ कोटी ४३ लाखांशी तुलना केली तर वाटेल वा, घटलं की! पण नाही. हा नवा आकडा कंपनीच्या उद्दिष्टात मोजल्या जाणाऱ्या उत्सर्जनाचा आहे आणि त्यातून स्कोप थ्रीचे काही प्रकार वगळलेत. त्याच नव्या मापाने मागची वर्षंही पुन्हा मोजली तर २०२४ मध्ये वाढ आहे, आदल्या वर्षापेक्षा ११ टक्के आणि २०१९ पेक्षा ५१ टक्के. अहवालात हे सगळं लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. फक्त दोन वर्षांचे दोन अहवाल शेजारी ठेवून वरवर वाचणारा फसतो. त्याच अहवालात डेटा सेंटरच्या विजेमागचं उत्सर्जन १२ टक्क्यांनी कमी झाल्याचंही आहे, वीजवापर २७ टक्के वाढलेला असताना, आणि ते करारांच्या, म्हणजे बाजारवाल्या पद्धतीने. कामगिरी आहेच ती, पण कुठल्या पट्टीने मोजली हे आता तुम्हाला माहीत आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने अजून एक आकडा दिला जो खूप फिरला, जेमिनायला विचारलेल्या एका मध्यम टेक्स्ट प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज, ०.०३ ग्रॅम कार्बन आणि ०.२६ मिलीलिटर पाणी लागतं. पाच थेंब पाणी, असं कंपनीच म्हणाली. एवढा तपशील दुसऱ्या मोठ्या कंपनीने तोपर्यंत क्वचितच दिला होता, त्यामुळे स्वागतच. पण त्यातलं पाणी म्हणजे फक्त डेटा सेंटरच्या आवारात कूलिंगला लागलेलं पाणी, ती वीज बनवताना वीजकेंद्रात जे पाणी गेलं ते यात नाही. कार्बनचा आकडाही करारवाल्या पद्धतीचा. आणि ‘मध्यम’ म्हणजे सगळे प्रश्न खर्चाच्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा, म्हणजे अर्धे प्रश्न याहून खर्चिक, व्हिडिओ बनवणं तर यात धरलेलंच नाही. परत तेच, एका प्रश्नाचा आकडा छोटा असू शकतो, एकूण प्रश्न किती ते विचारा.

आता पाण्याकडे येऊ, कारण मला स्वतःला विजेपेक्षा पाण्याची जास्त काळजी वाटते. वीज तारेतून शेकडो किलोमीटर आणता येते. पाणी ज्या खोऱ्यातलं त्या खोऱ्यातलंच.

२०२४ मध्ये गुगलचा एकूण पाणीवापर सुमारे ८१० कोटी गॅलन होता, म्हणजे तीन हजार कोटी लिटरच्या वर. आपल्या भाषेत सांगायचं तर एक टीएमसीहून थोडं जास्त, खडकवासला धरण साधारण दोन टीएमसीचं आहे म्हणजे त्याच्या निम्म्याहून जास्त. आणि ‘वापर’ म्हणजे इथे घेतलेलं सगळं पाणी नाही हं, घेतलेल्या पाण्यातून परत सोडलेलं वजा करून जे उरतं ते, म्हणजे मुख्यतः वाफ होऊन गेलेलं. जगभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या कंपनीला एक टीएमसी, यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. एक साखर पट्टा याहून कितीतरी पाणी पितो, हे खरंच आहे. पण ते पाणी जगभर सारखं वाटून घेतलेलं नाही, आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्स या एकाच ठिकाणी वर्षाला शंभर कोटी गॅलनच्या घरात जातं.

गावाला हे कसं जाणवतं ते ओरेगॉनमधल्या द डॅल्स या गावात दिसतं. कोलंबिया नदीकाठचं हे गाव, वस्ती साधारण सोळा हजार. गुगलने स्वतः बांधलेलं पहिलं डेटा सेंटर २००६ मध्ये इथे सुरू झालं, नदीवरच्या धरणांची स्वस्त वीज होती म्हणून. २०२१ मध्ये कंपनीला आणखी दोन डेटा सेंटर बांधायची होती आणि त्या भागात दुष्काळ होता. द ओरेगोनियन या वृत्तपत्राने नगरपालिकेकडे साधी माहिती मागितली, गुगल किती पाणी वापरतं? आपल्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतो ना, तसंच. नगरपालिकेने नकार दिला, म्हणाली हे व्यापारी गुपित आहे. माहिती द्या असा आदेश आल्यावर नगरपालिका चक्क वृत्तपत्राविरुद्धच कोर्टात गेली. तेरा महिने हे चाललं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले. गावाच्या एकूण पाण्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा गुगलचा होता, २०२१ मध्ये ३५ कोटी गॅलनहून जास्त, आणि पाच वर्षांत तो जवळजवळ तिप्पट झाला होता.

दुसरी बाजूही सांगतो. गुगलने गावाच्या पाणीयोजनेसाठी २ कोटी ८५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, आपल्या जागेचे भूजलाचे हक्कही गावाला देऊ केले होते. कदाचित हा व्यवहार गावाच्या फायद्याचाही असेल. पण नळाला पाणी ज्याचं येतं त्या माणसाला शेजारचा कारखाना किती पाणी घेतो हे कळू नये, आणि नगरसेवकांनी त्याच अंधारात प्रकल्पावर मतदान करावं, हे मला कुठल्याच हिशोबाने पटत नाही. सामाजिक जबाबदारी म्हणायचं ते इथे, शाळेला दिलेल्या देणगीच्या आधी. त्याच सुमारास गुगलने स्वतःच्या मालकीच्या डेटा सेंटरचे पाण्याचे आकडे ठिकाणवार द्यायला सुरुवात केली.

उरुग्वेत २०२३ मध्ये तर गोष्ट रस्त्यावर आली. राजधानी माँतेविदेओचा मुख्य जलाशय इतका आटला की नदीमुखाचं खारट पाणी नळाच्या पाण्यात मिसळावं लागलं, लोक बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावत होते. त्याच काळात कळलं की गुगलच्या नियोजित डेटा सेंटरला रोज ७६ लाख लिटर पाणी लागणार आहे. हा आकडाही आधी गोपनीय होता, कोर्टात जाऊन मिळवावा लागला. लोक चिडले, आंदोलनं झाली, आणि नंतर कंपनीने आराखडा बदलून हवेने थंड करायची पद्धत घेतली. पाण्याचा प्रश्न सुटला, पण सुरुवातीला सांगितलेला पेच आठवतोय ना, हवेने थंड करायचं म्हणजे वीज जास्त. उरुग्वेची वीज बरीचशी वारा आणि जलविद्युत असल्यामुळे तिथे ते चालून जाईल. कोळशाच्या ग्रिडवर हाच उपाय केला तर पाणी वाचेल आणि धूर वाढेल.

गुगलचं पाण्याचं ध्येय असं की २०३० पर्यंत जेवढं गोडं पाणी वापरतो त्याच्या १२० टक्के परत भरून द्यायचं. पाणलोटाची कामं, गळकी पाइपलाइन दुरुस्ती, शेतीत ठिबक, ओढ्या-नद्यांचं पुनरुज्जीवन असे प्रकल्प त्यात येतात. २०२४ मध्ये ते ६४ टक्क्यांपर्यंत पोचले, आदल्या वर्षी फक्त १८ टक्के होतं, म्हणजे काम जोरात आहे. आपल्याकडे जलसंधारणाची कामं बघितलेल्या कुणालाही मात्र लगेच प्रश्न पडेल, पाणी काढलं कुठून आणि भरलं कुठे? एका खोऱ्यातून उपसलं आणि दुसऱ्या खोऱ्यात बंधारे बांधले तर जगाची बेरीज जुळेल, पहिल्या खोऱ्यातल्या बोअरवेलला काय मिळालं? म्हणून १२० टक्के हा एकच आकडा वाचून समाधान मानू नका, खोरेनिहाय यादी बघा.

चांगलं करता येतं याचंही उदाहरण गुगलच्याच घरात आहे आणि मला ते फार आवडतं. फिनलंडमधलं हामिना. तिथे एक जुना कागद कारखाना होता, बंद पडलेला. गुगलने तो २००९ मध्ये घेतला. कारखान्याने समुद्राचं पाणी आणायला खडकात मोठा बोगदा खोदून ठेवलेला, तोच वापरून फिनलंडच्या आखातातलं थंडगार पाणी आत आणतात, त्याने सर्व्हरची उष्णता काढून घेतात, आणि गरम झालेलं पाणी सोडण्याआधी ताज्या समुद्राच्या पाण्यात मिसळून निववतात म्हणजे माशांना त्रास होऊ नये. पिण्याच्या पाण्याचा कूलिंगशी संबंधच नाही. आणि २०२४ मध्ये पुढचं पाऊल जाहीर झालं, सर्व्हरची वाया जाणारी उष्णता गावाच्या हीटिंगच्या पाइपलाइनला मोफत द्यायची, स्थानिक नेटवर्कच्या वर्षभराच्या गरजेच्या ८० टक्के एवढी. जागा ओळखून डिझाइन केलं की काय होतं ते बघा. अर्थात थंड समुद्र सगळीकडे नसतो, पण जॉर्जियातल्या डग्लस काउंटीत गुगल गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणीच कूलिंगला वापरतं, आणि सांडपाणी तर आपल्या प्रत्येक महानगरपालिकेकडे आहे.

पर्यावरणाबद्दल एवढं लिहिलं, पण डेटा कंपनीची सामाजिक जबाबदारी सगळ्यात आधी डेटाबाबतच असते, आणि ती हिरव्या मुखपृष्ठाच्या अहवालात नसतेच. लोकेशन हिस्टरी बंद केली की फोन आपला मागोवा घेत नाही असं लोक समजत होते, पण ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचं दुसरं सेटिंग चालू असेल तर लोकेशन तरीही साठत होतं. यावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गुगलला ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. माणसांचंही तसंच, २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की गुगलसाठी काम करणाऱ्या कंत्राटी आणि तात्पुरत्या लोकांची संख्या १ लाख २१ हजार आहे आणि पर्मनंट १ लाख २ हजार. त्यानंतर कंत्राटींसाठी किमान वेतन, आरोग्य विमा अशी हमी आली, पण ती अमेरिकेपुरती होती, आणि २०२४ मध्ये तीही मागे घेतली गेली. कंपनीचं कौतुक वाचताना ‘कर्मचारी’ या शब्दात कोण कोण मोजलंय ते बघत जा.

आता आपल्याकडे. भारतात सीएसआर कायद्यानेच सक्तीचं आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. विदेशी कंपन्यांच्या भारतातल्या उपकंपन्याही यात येतात. कायदा चांगला आहे, त्यातून शाळा, दवाखाने, पाणलोटाची कामं झालीत, आपण सगळ्यांनी बघितलीत. पण हा कायदा नफा खर्च कसा करायचा ते सांगतो, नफा कमावला कसा ते विचारत नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरतच नाहीत. त्यामुळे डेटा सेंटरने स्वतःचं कूलिंग सुधारून पाणी वाचवलं तर ते सीएसआर नाही, आणि एका गावाला पाण्याची टाकी बांधून दिली तर आहे.

धंद्याची माहिती द्यायला लावणारा वेगळा नियम आहे, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा बीआरएसआर नावाचा अहवाल. वीज, पाणी, उत्सर्जन, कामगार, सगळं एका ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं. इन्फोसिस, टीसीएसचे आकडे तुम्ही त्यात बघू शकता. गुगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांच्या भारतातल्या कंपन्या आपल्या शेअर बाजारात लिस्टेड नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम लागू होत नाही. म्हणजे आपल्याच जमिनीवर, आपल्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या सेंटरची माहिती शेवटी कॅलिफोर्नियात छापलेल्या जागतिक अहवालातल्या बेरजेत शोधायची. भाड्याच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीने चालवलेलं सेंटर असेल तर ते वेगळं ओळखताही येत नाही. ही फट बुजवायला हवी, डेटा सेंटर कुणाचंही असो, लिस्टेड असो नसो, एका मर्यादेच्या वर वीज घेत असेल तर ठिकाणवार पाणी आणि वीज दरवर्षी जाहीर करायचं बंधन घालावं असं माझं स्पष्ट मत आहे. डेटा सेंटरना सरकार सवलती देतं तेव्हा त्या बदल्यात एवढी अट घालणं अवघड नाही.

हे आत्ताच का, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणमला १,५०० कोटी डॉलर, म्हणजे सव्वा लाख कोटी रुपयांहून जास्त गुंतवून २०२६ ते २०३० या काळात गिगावॅट पातळीचं एआय केंद्र उभारायचं जाहीर केलंय. आणि आपल्याकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर कधीपासूनच आहेत आणि वाढतायत. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, एमआयडीसीचं बदलापूरजवळ बारवी, आणि ठाणे जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणीकपात कशी होते ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

ठिकाणवार आकडे द्यायचं बंधन येईपर्यंत एक काम मात्र आत्ता करता येतं. मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याचे अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात. त्या अर्जात रोजची पाण्याची गरज, पाणी कुठून घेणार, सांडपाण्याचं काय करणार, डिझेल जनरेटर किती, हे लिहावं लागतं. तुमच्या भागात डेटा सेंटर येत असेल तर तिथे प्रकल्पाचं नाव शोधा, सेंटर बऱ्याचदा गुगल-मायक्रोसॉफ्टच्या नावाने नसतं, बांधणाऱ्या डेव्हलपरच्या नावाने असतं, म्हणून गाव आणि प्लॉट नंबरने शोधलेलं बरं. कूलिंगला किती लिटर लिहिलंय आणि त्यातलं शुद्ध केलेलं सांडपाणी किती, हे दोन आकडे मिळाले की ते घेऊन नगरसेवकाकडे किंवा एमआयडीसीच्या ऑफिसात जा आणि उन्हाळ्यातल्या कपातीत यांचं पाणी किती टक्के कापणार ते लेखी विचारा.